माळावरचे सुतक

मराठीत ‘गुराखी’ हा शब्द उच्चारताच गावाची वेस, ओढ्याचा काठ, खांद्यावर घोंगडी टाकलेला पोर आणि दिवेलागणीला धूळ उडवीत परतणारी गुरे असे चित्र मनात उभे राहते. गुराखी संध्याकाळी घरी येतो, हे त्या चित्रात गृहीतच असते. अमेरिकी यादवी युद्धानंतर टेक्सासमधून उत्तरेकडे गुरांचे कळप हाकत नेणाऱ्या तरुणांना ‘काउबॉय’ हे नाव रूढ झाले. शब्दशः तेही गुराखीच. परंतु हा गुराखी दुसऱ्याच्या मालकीची गुरे मजुरीवर नेत असे, आणि त्याची वाट घराकडे जाणारी नसून घरापासून दूर जाणारी असे. त्यातला एखादा पोर वाटेतच दगावला, तर त्याच्यासाठी कोणी आणि कसे रडावे, असा प्रश्न त्याच्या सोबत्यांपुढे उभा राहत असे. त्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर गाण्यांच्या रूपाने शिल्लक आहे. ती गाणी मनोरंजनाची म्हणून पुष्कळ ऐकली गेली. शोकाचा दस्तऐवज म्हणून मात्र ती फार थोड्यांनी वाचली.

प्रथम या वाटचालीचे अर्थकारण लक्षात घेतले पाहिजे. १८६५ साली युद्ध संपले तेव्हा टेक्सासच्या माळरानांवर लांब शिंगांची लक्षावधी गुरे मोकाट वाढलेली होती. तेथे त्यांना तीन-चार डॉलरही किंमत येत नसे. उत्तरेकडील शहरांत मात्र त्याच जनावराला त्याच्या अनेक पट भाव मिळे. १८६७ साली जोसेफ मकॉय या व्यापाऱ्याने कॅन्सस राज्यातील ॲबिलीन येथे रेल्वेमार्गालगत गुरांचा बाजार उभा केला आणि पुढची सुमारे दोन दशके कळपांचा ओघ उत्तरेकडे वाहत राहिला. आधी ॲबिलीन, मग डॉज सिटी, नेब्रास्कातले ओगालाला आणि शेवटी थेट मोंटानाची कुरणे असे या ओघाचे टप्पे होत. दोन-अडीच हजार जनावरांच्या कळपामागे दहा-बारा माणसे असत. त्यांत एक मुकादम, एक स्वयंपाकी, आणि राखीव घोडी सांभाळणारा एक पोरसवदा मुलगा. दिवसाकाठी दहा-पंधरा मैल चालायचे, कॅन्ससला पोचायला तीन महिने आणि मोंटानाला त्याहून बरेच अधिक. मजुरी महिन्याला तीसएक डॉलर.

ही माणसे बहुतेक विशी-पंचविशीतली होती. घोडी राखणारे तर मिसरूडही न फुटलेले असत. त्यांत युद्धात हरलेल्या दक्षिणेचे पोर होते, नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय होते, आणि ज्यांच्या वाडवडिलांकडून घोड्यावर बसून गुरे वळण्याची ही सगळी विद्याच आली ते मेक्सिकन ‘वाकेरो’ही होते. चित्रपटांनी त्यांचा मृत्यू पिस्तुलाच्या फैरीत दाखवला. प्रत्यक्षात तो कामातूनच येई. फुगलेल्या नदीतून कळप पार करताना माणूस बुडे. बिळात पाय जाऊन घोडा कोसळे आणि स्वार खाली सापडे. रिकिबीत पाय अडकून कोणी फरफटला जाई. उघड्या माळावर घोड्यावर बसलेला माणूस हाच सर्वांत उंच, म्हणून वीज त्याच्यावर पडे. आणि या सर्वांहून भयंकर म्हणजे वादळी रात्री कळप उधळणे. अंधारात, पावसात हजारो जनावरे एकाच वेळी सुटत आणि त्यांना वळवण्यासाठी त्यांच्या पुढे घोडा घालावा लागे.

आपल्याकडे मृत्यूभोवती आचारांची एक चौकट असते. खांदा देणारे चौघे, सुतकाचे दिवस, दहावा, तेरावा, भेटायला येणारे सोयरे. या आचारांवर टीका पुष्कळ झाली, पण ते शोकाला वेळ आणि माणसे देतात, हे नाकारता येणार नाही. माळावरच्या तांड्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. आप्त शेकडो मैल दूर. धर्मोपदेशक नाही, शवपेटी नाही, स्त्रिया नाहीत. सुतक पाळायचे म्हटले तर कळप थांबत नाही. गवत आणि पाणी संपले की जनावरांना पुढे न्यावेच लागते. सकाळी प्रेत सापडावे, दुपारपर्यंत खड्डा खणावा, ब्लँकेटात गुंडाळून माती लोटावी, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून असतील तर दगड रचावेत, आणि संध्याकाळपर्यंत तांडा काही मैल पुढे गेलेला असावा, असा तो क्रम होता.

येथेही मालक आणि मजूर यांत फरक पडत असे. १८६७ साली पेकोस नदीकाठी कोमांची योद्ध्यांच्या हल्ल्यात ऑलिव्हर लव्हिंग हा कळपांचा मोठा व्यापारी जखमी झाला आणि फोर्ट समनर येथे सप्टेंबरमध्ये मरण पावला. परक्या मुलुखात आपल्याला ठेवू नये, अशी त्याची अखेरची इच्छा होती. त्याचा भागीदार चार्ल्स गुडनाइट याने कळप कोलोराडोपर्यंत पोचवला आणि परत येऊन दिलेला शब्द पाळला. तेलाचे रिकामे डबे ठोकून, झाळून पत्र्याची पेटी केली गेली, आतल्या लाकडी पेटीभोवती कोळशाची पूड ठासून भरली गेली, आणि १८६८ च्या प्रारंभी ते शव खेचरांच्या गाडीने टेक्सासमधील वेदरफर्डला आणून सन्मानाने पुरले गेले. मैत्रीची ही कथा अमेरिकेत आजही सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगी आहेही. परंतु तीस डॉलर मजुरीच्या पोरासाठी कोणी पत्र्याची पेटी झाळली नाही. त्याला जेथे मृत्यू आला तेथेच राहावे लागले.

अशा एका पोराच्या मृत्यूची हकिकत ई. सी. ॲबट याने सांगून ठेवली आहे. ‘टेडी ब्लू’ या नावाने ओळखला जाणारा हा मनुष्य १८६० साली इंग्लंडमध्ये जन्मला, बालपणीच नेब्रास्कात आला आणि कळपांबरोबरच वाढला. हेलेना हंटिंग्टन स्मिथ यांनी शब्दबद्ध केलेले त्याचे आत्मकथन १९३९ साली, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. तो सांगतो ती घटना १८७६ ची. ॲबट तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. नेब्रास्कातल्या ब्लू नदीजवळ वादळी रात्री कळप उधळला. स्वारांनी जनावरांना वळवून गोल फिरवत ठेवले आणि रात्र काढली. सकाळी पाहतात तो एक सोबती नाही. शोधल्यावर तो सापडला. तो आणि त्याचा घोडा दोघेही मातीत इतके तुडवले गेले होते की पिस्तुलाच्या मुठीखेरीज ओळख पटण्यासारखे काही उरले नव्हते. याहून असह्य गोष्ट पुढे लक्षात आली. आपण कळप रात्रभर ज्या जागी फिरवत होतो, त्या जागीच तो पडलेला होता. सोबत्यांनीच, नकळत, त्याच्यावरून जनावरे फिरवली होती.

टेक्सासमधील हेन्रिएटा येथे राहणाऱ्या त्याच्या घरच्यांना त्यांनी पत्र लिहिले, आणि त्यात मृत्यूचे कारण वीज पडणे असे कळवले. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता. घोड्याचा पाय बिळात गेला असणार, हे ते जाणून होते. या पत्राला खोटे म्हणणे सोपे आहे. पण वीज ही देवाची असते. तिच्यात कोणाचा हात नसतो. ते एक वाक्य लिहून त्या पोरांनी मृताच्या आईबापांना एका दृश्यापासून वाचवले, आणि कदाचित स्वतःलाही वाचवू पाहिले. शोक करण्याची कोणतीही रीत हाताशी नसलेल्या माणसांनी निर्माण केलेला हा पहिला आचार म्हणता येईल.

दुसरा आचार त्याच घटनेतून निघाला. त्यानंतर, ॲबट सांगतो, उधळलेल्या कळपाबरोबर धावताना प्रत्येकाने गात राहावे असा हुकूम निघाला. आवाज ऐकू येतो आहे तोवर माणूस घोड्यावर आहे असे समजावे. आवाज थांबला की काहीतरी घडले असे जाणावे. रात्रीच्या राखणीला गाण्याची पद्धत तशी जुनीच होती. बसलेल्या कळपाभोवती दोन स्वार एकमेकांच्या उलट दिशेने संथ फेऱ्या घालीत आणि गात राहत. ओळखीच्या आवाजाने जनावरे शांत राहतात, असा अनुभव होता. गाणी म्हणजे बहुधा लहानपणी कानावर पडलेली प्रार्थनागीते. परंतु या हुकमाने गाण्याला दुसरे काम मिळाले. ते आता गुरांसाठी नव्हते, माणसांसाठी होते. अंधारात एकमेकांना दिसू न शकणाऱ्या दहा-बारा जणांनी आपण जिवंत असल्याची ती खूण ठरवली होती. माळावरच्या शोकगीतांचे मूळ शोधायचे तर ते या खुणेत शोधावे लागेल. थांबलेल्या आवाजाच्या जागी उरलेल्यांनी गाणे चालू ठेवावे, हे त्यानंतरचे स्वाभाविक पाऊल होते.

ही शोकगीते प्रारंभी उसनी होती. शोकाची भाषा एका दिवसात तयार होत नाही. माणूस जुनीच भाषा नव्या दुःखाला लावून पाहतो. एकाकी माळावर मला पुरू नका, अशी विनवणी करणारे प्रसिद्ध गीत मूळचे समुद्रावरचे आहे. एडविन चेपिन या धर्मोपदेशकाची सागरात शव सोडण्याविषयीची कविता १८३९ साली छापली गेली होती. माळावर आल्यावर तिच्यातील लाटांचे गवत झाले. लारेडोच्या रस्त्यावर मरणाऱ्या तरुण काउबॉयचे गाणे त्याहून दूरचे. त्याचा वंश ब्रिटन-आयर्लंडमधील एका पथगीतापर्यंत पोचतो, ज्यात अकाली मरणारा तरुण आपल्याला लष्करी इतमामाने निरोप द्यावा असे सांगतो. म्हणूनच टेक्सासच्या गाण्यातही, जेथे पलटण नाही आणि वाजंत्री नाहीत तेथे, ढोल आणि बासरी अचानक ऐकू येतात. अभ्यासकांनी याला परंपरेचा अवशेष म्हटले आहे, आणि ते खरेच आहे. पण गाणाऱ्यांनी तो अवशेष गाळला का नाही, हेही विचारले पाहिजे. ब्लँकेटात गुंडाळून पुरलेल्या सोबत्याला प्रत्यक्षात देता न आलेली अंत्ययात्रा त्यांनी गाण्यात दिली, असे त्याचे उत्तर संभवते. समुद्रावरून आलेल्या गीताचेही तसेच आहे. त्यात विनवणी केली जाते आणि ती पाळली जात नाही. माळावरच पुरावे लागते. लव्हिंगच्या वाट्याला जे आले ते आपल्या वाट्याला येणार नाही, हे गाणाऱ्या पोरांना ठाऊक होते.

पुढे माळाने आपले कवी घडवले. डी. जे. ओमॅली हा मोंटानातला कळपावरचा नोकर माइल्स सिटीच्या ‘स्टॉक ग्रोअर्स जर्नल’ या पशुपालकांच्या पत्रात कविता पाठवीत असे. १८९१ साली त्याने चार्ली रटलेज नावाच्या सोबत्याच्या मृत्यूवर लिहिले. गुरे निवडताना घोडा अंगावर कोसळून तो गेला, आणि त्याचे आप्त दूर टेक्सासमध्ये होते. गुरांचे भाव छापणाऱ्या पत्रात एका मजुराची मृत्युवार्ता पद्यात यावी, ही साधी गोष्ट नव्हे. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, त्याच पत्रात त्याची अधिक गाजलेली कविता आली. हंगाम संपला की आईला भेटायला जाईन म्हणणारा एक तरुण त्याच रात्री उधळलेल्या कळपाखाली सापडतो आणि मरताना खोगीर, अंथरूण, पिस्तूल अशी आपली चीजवस्तू सोबत्यांना वाटून देतो. मृत्युपत्र, वारस आणि निरोप हे तिन्ही विधी तेथे काही कडव्यांत उरकले जातात. वारस कोण, तर बरोबर राबणारे. नात्याची जागा सोबतीने कशी घेतली, याचा इतका नेमका पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

हॉवर्ड थॉर्प याने १८९८ साली कळप नेताना रचलेल्या ‘लिटल जो’च्या गाण्यात मृत व्यक्ती याहून लहान आहे. सावत्र आईच्या माराला कंटाळून घर सोडलेला हा पोर तांड्यात घोडी राखायला राहतो, आणि उधळलेल्या कळपापुढे घोडा घालून रात्रीत नाहीसा होतो. सकाळी एका घळीत तो घोड्याखाली सापडतो. त्याच्यासाठी पत्र लिहायला घरच नाही. थॉर्पने १९०८ साली न्यू मेक्सिकोतील एस्टान्सिया या लहान गावी तेवीस गीतांची पुस्तिका छापून घेतली, तिच्यात हे गाणे होते.

मात्र इंग्रजी गाण्यांत एक उणीव राहते, आणि ती स्पॅनिश गाणे शेजारी ठेवल्यावरच दिसते. मेक्सिकन वाकेरोंनी कॅन्ससच्या वाटेवर रचलेले ‘एल कोरिदो दे कियान्सिस’ हे अमेरिको पारेदेस या थोर लोकविद्याभ्यासकाच्या मते सीमाप्रदेशातील पूर्ण स्वरूपात टिकलेल्या कोरिदोंपैकी सर्वांत जुने होय. इंग्रजी गाण्यांत आई नेहमी दूर असते; तिचे नाव काढले जाते, तिला निरोप पाठवला जातो, पण ती स्वतः बोलत नाही. या कोरिदोच्या प्रचलित पाठात ती मुकादमासमोर येऊन उभी राहते आणि विचारते, बाकीचे परतले, माझा मुलगा का दिसत नाही? मुकादम आधी चाचरतो. सांगितले तर तुम्ही रडाल, म्हणतो. मग सांगतो की कोंडवाड्याच्या अडसरांपाशी बैलाने त्याला मारले. त्यानंतर जे येते ते कोणत्याही इंग्रजी शोकगीतात नाही. मुकादम हिशेब देतो. मुलाची मजुरी इतकी निघाली, पुरण्यासाठी इतके घातले. आणि शेवटी सांगतो की सगळे सोबती हातात टोप्या घेऊन त्याला पोचवायला गेले होते.

या चार गोष्टींत, म्हणजे प्रश्न, कारण, हिशेब आणि साक्ष यांत, शोकाचा सगळा व्यवहार सामावलेला आहे. हेन्रिएटाला गेलेल्या पत्रात वीज पडली होती. येथे बैलानेच मारले असे तोंडावर सांगितले जाते. वाकेरो घरी परतत होते, त्यांची वस्ती आणि त्यांच्या बाया त्यांची वाट पाहत होत्या, म्हणून त्यांना उत्तर द्यावे लागले. मृत्यूचे कारण काम होते आणि कामाची एक किंमत ठरलेली होती, ही गोष्ट म्हणूनच त्यांच्या गाण्यातून निसटली नाही. एकट्या पोरांच्या तांड्याला उत्तर मागणारे कोणी समोर नव्हते. त्यांचा शोक कोमल झाला, पण त्याने मजुरीचा प्रश्न विचारला नाही.

आणखी एक मौन नोंदवले पाहिजे. या गीतांतला माळ नेहमी निर्जन असतो. तो तसा मुळात नव्हता. १८७० च्या दशकात दक्षिणेकडील माळावरचे गव्यांचे प्रचंड कळप कातड्यांसाठी मारून संपवण्यात आले, आणि १८७४-७५ च्या रेड रिव्हर युद्धानंतर कोमांची, कायोवा व दक्षिणी शायेन लोकांना राखीव प्रदेशांत कोंडण्यात आले. ज्या भूमीत काउबॉयला एकाकी पुरले गेले, तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे मृत आधीच निजलेले होते. माळाचे एकाकीपण हे निसर्गाचे देणे नसून अलीकडच्या इतिहासाचे होते. पोराचे दुःख त्यामुळे खोटे ठरत नाही; परंतु त्या गाण्यांच्या आधारे माळाचा इतिहास लिहिणाऱ्याने त्या दुःखाच्या मागे दडलेले दुसरे दुःख विसरता कामा नये.

काटेरी तार आली, रेल्वे टेक्सासपर्यंत पोचली, १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेच्या कुरणांवरची गुरे गोठून मेली, आणि लांब पल्ल्याच्या वाटा बंद पडल्या. गाणी उरली. जॉन लोमॅक्स यांनी १९१० साली त्यांचा मोठा संग्रह काढला. त्यात लिटल जो आला, पण थॉर्पचे नाव आले नाही. ओमॅलीची हंगाम संपण्याची कविता कार्ल स्प्रेग याने १९२५ साली ध्वनिमुद्रित केली आणि ती घराघरांत पोचली. चार्ली रटलेजच्या मृत्यूचे पद्य लोमॅक्स यांच्या संग्रहातून चार्ल्स आइव्हज या संगीतकाराच्या हाती पडले आणि त्याच्या १९२२ च्या ‘११४ साँग्ज’ या संग्रहात स्वरबद्ध होऊन आले. मोंटानाच्या माळावरचा मजूर अशा रीतीने संगीतसभेत जाऊन पोचला.

या प्रवासात काय टिकले आणि काय गळाले, याचा हिशेब मांडला तर तो समाधानकारक नाही. शोक टिकला, ज्यांच्यासाठी तो केला ते बहुतेक गळाले. लिटल जोला आडनाव नाही. लारेडोच्या तरुणाला नावच नाही. वाकेरोच्या आईचा मुलगा केवळ मुलगा आहे. ब्लू नदीजवळ तुडवल्या गेलेल्या पोराची आठवण त्याच्या पिस्तुलाच्या मुठीपुरती आणि एका हुकमापुरती उरली. तरीही त्या हुकमाचे मोल कमी नाही. आपल्यातला एक जण आपल्याला कळू न देता मेला, आणि तसे पुन्हा घडू नये, एवढ्यासाठी काही पोरांनी अंधारात गात राहायचे ठरवले. शोकातून निघालेला तो कामाचा नियम होता आणि पुढच्या वादळी रात्रीपासून तो पाळला जाणार होता.